५०८ मिलिसेकंद

खालच्या नोंदींतल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे आहेत. ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि तो रेखांश मिर्झापूरजवळून जातो. काशीतला अमृतराव पेशव्यांचा राजा घाट त्याच्या पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटरवर. तिथला सूर्य या घड्याळाच्या दोन मिनिटे पुढे चालतो. रोजच्या व्यवहारात एवढा फरक कोणी धरत नाही. या घटनेत मात्र अर्ध्या सेकंदाचा फरक एका माणसाने धरला.

शेवट असा : एक्सझेड या सॉफ्टवेअरमध्ये लपवलेले मागचे दार (परक्या यंत्रावर गुपचूप शिरायची वाट) उघडकीस आले. शुक्रवार, २९ मार्च २०२४, रात्री ९.२१. ‘उरले’ या शब्दापुढचा आकडा त्या क्षणापर्यंतचा आहे.

२९ ऑक्टोबर २०२१. उरले : ८८२ दिवस

एक्सझेड युटिल्स या प्रकल्पाकडे ‘जिया तान’ या नावाने पहिली दुरुस्ती येते. एडिटरने ओळींची मांडणी कशी ठेवावी हे सांगणारी एक छोटी फाइल. निरुपद्रवी.

एक्सझेड फायली आवळून लहान करते. लिनक्सवर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक यंत्रात ती असते आणि वापरणाऱ्याला तिचे नावही माहीत नसते. फिनलंडमधले लासे कॉलिन ती एकट्याने सांभाळत आले आहेत. पगार नाही, कंपनी नाही.

८ जून २०२२. उरले : ६६० दिवस

एप्रिलपासून ‘जिगर कुमार’ नावाचा कोणी तक्रार करतो आहे : दुरुस्त्या पडून राहतात, मेंटेनर लक्ष देत नाही, दुसरा माणूस नेमा. मे महिन्यात ‘डेनिस एन्स’ त्याच सुरात विचारणा करतो. पुढे शोध घेणाऱ्यांना या दोन्ही पत्त्यांचा मागमूस या पत्रव्यवहाराबाहेर कुठे लागला नाही.

आज कॉलिन उत्तर देतात. रस संपलेला नाही, पण मानसिक स्वास्थ्य बऱ्याच काळापासून ठीक नाही, आणि हे काम आपण हौसेने व विनामोबदला करतो, असे ते लिहितात. जिया तान मदत करतो आहे, त्याच्याकडे पुढे मोठी जबाबदारी जाऊ शकते, हेही सांगतात.

थकलेल्या माणसाने मदतीला आलेल्याचा हात धरला. हा निर्णय त्या दिवशी कोणालाही खटकला नाही.

१८ मार्च २०२३. उरले : ३७७ दिवस

आवृत्ती ५.४.२ बाहेर पडते. ती जिया तानने बांधली आहे. याआधीची, कॉलिन यांनी स्वतः काढलेली आवृत्ती जानेवारीतली, ५.४.१.

दोन दिवसांनी आणखी एक छोटा बदल होतो. गूगलची ‘ओएसएस-फझ’ ही सेवा मुक्त सॉफ्टवेअरवर उलटसुलट माहितीचा मारा करून चुका शोधते. एक्सझेडमध्ये काही सापडले तर कळवायचे कोणाला, त्या पत्त्यात आता जिया तानचा पत्ता येतो.

७ जुलै २०२३. उरले : २६६ दिवस

ओएसएस-फझच्या चाचणीत ‘आयफंक’ ही सोय बंद ठेवावी, अशी विनंती जिया तान करतो. एकाच कामासाठी दोन फंक्शन लिहिलेली असतील, तर यंत्राच्या प्रोसेसरला साजेसे कोणते घ्यायचे हे आयफंक ठरवते, आणि तेही प्रोग्राम सुरू होता होता. एक्सझेडमध्ये ही सोय दोनच आठवड्यांपूर्वी ‘हान्स यान्सेन’ या नावाने आली आहे.

कारण तांत्रिक आणि पटण्याजोगे दिले आहे. विनंती मान्य होते. पहारेकऱ्याची पाठ आता त्याच दाराकडे आहे.

१५ फेब्रुवारी २०२४. उरले : ४३ दिवस

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने कोणत्या फायलींकडे काणाडोळा करावा त्या यादीत एका नावाची भर पडते : ‘बिल्ड-टू-होस्ट’, एम४ प्रकारची फाइल.

ही फाइल भाषांतराच्या सोयीबरोबर येते. कसे, ते इथेच सांगायला हवे.

ग्नू गेटटेक्स्ट हा कमांड-लाइनवरच्या हत्यारांचा संच १९९५ पासून वापरात आहे. मराठीत डेस्कटॉप दिसतो तो अशा हत्यारांच्या जोरावर. ‘एक्सगेटटेक्स्ट’ प्रोग्राममधली वाक्ये उचलते. भाषांतरकार पीओ फाइलमध्ये प्रत्येक वाक्याखाली आपल्या भाषेतले वाक्य लिहितो. ‘एमएसजीएफएमटी’ त्याची यंत्राला वाचता येणारी एमओ फाइल करते. ती कुठे ठेवायची हे ‘लोकलडिर’ या व्हेरिएबलमध्ये लिहिलेले असते. मराठीसाठी बहुधा ‘लोकेल’ फोल्डरात ‘एमआर’ नावाचा कप्पा.

हा पत्ता ठरवते ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट, आणि ती स्क्रिप्ट बनते एम४ फायलींपासून. या फायली प्रकल्पातला माणूस हाताने लिहीत नाही. ‘ऑटोपॉइंट’ ही आज्ञा दिली की त्या गेटटेक्स्टच्या साठ्यातून आपोआप येऊन बसतात. तयार माल म्हणून त्या गिटमध्ये ठेवत नाहीत, पण वाटपासाठी बांधलेल्या टारबॉलमध्ये त्या असतात.

म्हणजे टारबॉलमध्ये एक जास्तीची एम४ फाइल दिसली तर कोणी विचारणार नाही. असायचीच ती.

२३ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार, रात्री ८.३९. उरले : ३५ दिवस ४२ मिनिटे

जिया तान चाचणीच्या काही फायली गिटमध्ये टाकतो. गिटमधली वेळ +०८०० या पट्ट्यातली आहे, तिथे रात्रीचे ११.०९ झाले आहेत.

फायलींत एकीचे नाव ‘बॅड-३-करप्ट’ असे सुरू होते, दुसरीचे ‘गुड-लार्ज-कॉम्प्रेस्ड’ असे. फायली आवळणाऱ्या प्रोग्रामला चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फायली लागतातच. त्या उघडून वाचता येत नाहीत. वाचता आल्या तर त्या चाचणीच्या उपयोगाच्या नाहीत.

२४ फेब्रुवारी, शनिवार. उरले : ३४ दिवस

आवृत्ती ५.६.० बाहेर पडते. टारबॉलमध्ये बिल्ड-टू-होस्ट आहे. मूळ फाइलीवर अनुक्रमांक ३ असतो, हिच्यावर ३० आहे. अनुक्रमांक मोठा असलेली फाइल नवी समजली जाते. हे शून्य कोणी मोजले नाही.

कोणीतरी ही आवृत्ती बांधायला घेतो. कॉन्फिगर चालू होते आणि स्क्रीनवरून नेहमीच्या ओळी सरकू लागतात : कंपायलर आहे का, आहे, अमुक लायब्ररी आहे का, आहे. त्यात लोकलडिरचा पत्ता ठरवण्याची पायरी येते आणि बदललेली फाइल कामाला लागते.

ती आधी सगळ्या फोल्डरांत एक खूण शोधते : चार हॅश, पाच अक्षरे, चार हॅश. ही खूण सापडते ‘बॅड-३-करप्ट’ मध्ये. मग ‘टीआर’ या साध्या आज्ञेने त्या फाइलीतल्या टॅबच्या जागी स्पेस, स्पेसच्या जागी टॅब, आडव्या रेघेच्या जागी खालची रेघ आणि खालच्या रेघेच्या जागी आडवी रेघ येते. बिघडलेली फाइल सुधारते. ती एक्सझेडनेच उलगडते आणि आतून निघालेली स्क्रिप्ट थेट शेलच्या हाती दिली जाते.

ती स्क्रिप्ट ‘गुड-लार्ज-कॉम्प्रेस्ड’ कडे वळते. १,०२४ बाइट टाकून दे, २,०४८ ठेव, पुन्हा १,०२४ टाकून दे, असे करत ती तुकडे गोळा करते, अक्षरांची अदलाबदल करते आणि पुन्हा उलगडते. त्यातून दुसरी स्क्रिप्ट निघते. ती विचारते : यंत्र ६४ बिटी इंटेल जातीचे लिनक्स आहे का? डेबियन या लिनक्सचे किंवा आरपीएम प्रकारचे पॅकेज बांधले जात आहे का? उत्तर ‘नाही’ आले तर ती गप्प बसते. ‘हो’ आले तर तयार केलेली एक ऑब्जेक्ट फाइल लायब्ररीत मिसळते.

मूळ सी कोड वाचणाऱ्याला यातले काही दिसणार नाही. गिट पाहणाऱ्यालाही नाही. स्क्रीनवर पुढची ओळ सरकते.

त्याच दिवशी जेंटू या लिनक्सवर ५.६.० कोसळू लागल्याची नोंद होते. बोट आयफंककडे दाखवले जाते.

२६ फेब्रुवारी, सोमवार, रात्री ८.३२. उरले : ३२ दिवस ४९ मिनिटे

५.६.० डेबियनच्या ‘अनस्टेबल’ शाखेत दाखल होते.

जिया तान आणखी एक बदल नोंदवतो. शीर्षक दुरुस्तीचे आहे. ‘लँडलॉक’ नावाची संरक्षक चौकट यंत्रात आहे का, हे तपासायला एक छोटा सी प्रोग्राम कंपाइल करून पाहतात. त्याच्या मधल्या एका ओळीच्या सुरुवातीला एक टिंब येते. टिंबामुळे तो प्रोग्राम कधीच कंपाइल होणार नाही, आणि उत्तर कायम एकच येईल : लँडलॉक नाही.

२९ फेब्रुवारी, गुरुवार. उरले : २९ दिवस

या टप्प्यावर घड्याळ दुसऱ्या बाजूच्याही विरोधात चालू लागते.

दूरवरच्या सर्व्हरवर शिरायला जगभर ओपनएसएसएच वापरतात. ते एक्सझेडवर अवलंबून नाही. पण डेबियन आणि फेडोरा त्यात आपल्याकडून एक जोड देतात, ती जोड सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या लायब्ररीला बोलावते, आणि सिस्टमडीची लायब्ररी एक्सझेडला. मागचे दार या तिसऱ्या पायरीवर आहे.

आज सिस्टमडीच्या प्रकल्पात प्रस्ताव येतो : एक्सझेडसारख्या लायब्ररी गरज पडेल तेव्हाच उघडाव्यात, आधीपासून जोडून ठेवू नयेत. हेतू वजन कमी करण्याचा आहे. ५ मार्चला प्रस्ताव स्वीकारला जातो. सिस्टमडीची पुढची आवृत्ती आली की पायरी निखळेल. त्याआधी मोठ्या लिनक्सांच्या नव्या आवृत्त्यांत शिरायला हवे.

दोन दिवसांपूर्वीच जिया तानने फेडोराकडे खासगी पत्रातून पाठपुरावा सुरू केला आहे : फेडोरा ४० मध्ये ५.६.० घ्या.

४ मार्च, सोमवार. उरले : २५ दिवस

रेड हॅटमध्ये ‘व्हॅलग्रिंड’ हा तपासनीस चूक दाखवतो. मेमरीत जिथे लिहायचे नाही तिथे कोणीतरी लिहिते आहे. ठिकाण : एक्सझेडची लायब्ररी, प्रोसेसरची जात ओळखणारे फंक्शन.

इशारा अचूक होता. जागाही अचूक होती. पण व्हॅलग्रिंड कधीकधी उगाच ओरडतो आणि आयफंक नवे होते. ज्याच्या कोडमध्ये चूक दिसली त्यालाच विचारायची पद्धत आहे. तसेच झाले.

९ मार्च, शनिवार, सकाळी ७.४८. उरले : २० दिवस १३ तास

जिया तान चाचणीच्या त्याच दोन फायली बदलतो. कारण असे देतो : आधीच्या फायली आपल्या यंत्रावर यादृच्छिक आकड्यांतून बनवल्या होत्या, पुन्हा तशाच बनवता याव्यात म्हणून आता आरंभीचा आकडा पक्का केला आहे.

आदल्या दिवशी व्हॅलग्रिंडच्या तक्रारीवर उपाय म्हणून एक बदल नोंदवला आहे. तो देखावा होता. खरा उपाय या दोन फायलींत आहे. आजच ५.६.१ बाहेर पडते. तपासनीस शांत होतो. ज्यांनी चूक कळवली होती त्यांचे काम झाले.

२५ मार्च, सोमवार, धुळवड. उरले : ४ दिवस

‘हान्स यान्सेन’ डेबियनकडे मागणी नोंदवतो : ५.६.१ लवकर घ्या. अनोळखी नावे येऊन त्याला दुजोरा देतात.

दुसऱ्या दिवशी फेडोरा ४० ची बीटा आवृत्ती येते. सुरक्षा तपासणारे लोक वापरतात त्या काली लिनक्सवरही त्याच दिवसापासून ५.६.० पोहोचू लागते. ओपनसूझच्या टंबलवीडमध्ये नवी एक्सझेड ७ मार्चपासून आहे.

२८ मार्च, गुरुवार. उरले : १ दिवस

जिया तान उबुंटूकडे मागणी नोंदवतो : डेबियनमधली ५.६.१ आपल्याकडे ओढून घ्या. उबुंटू २४.०४ ची बीटा ४ एप्रिलला ठरलेली आहे आणि पक्की आवृत्ती २५ एप्रिलला. ही दीर्घ मुदतीची आवृत्ती. ती सर्व्हरवर बसली की वर्षानुवर्षे हलत नाही.

आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतात. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. ते डेबियनच्या अनस्टेबल शाखेवर पोस्टग्रेसचा वेग मोजत होते. अशा मोजणीसाठी यंत्र शांत लागते, मध्येच दुसऱ्या कोणी प्रोसेसर खाता कामा नये. ओपनएसएसएचचा सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, ‘एसएसएचडी’, खात होता.

इंटरनेटवरच्या कोणत्याही सर्व्हरवर चुकीची नावे घेऊन दार ठोठावणारे प्रोग्राम येतच असतात. नाव चुकीचे म्हटल्यावर एसएसएचडीने त्यांना लगेच हाकलायला हवे. तो हाकलत होता, पण त्यासाठी प्रोसेसर भरपूर वापरत होता.

फ्रॉइंड अस्तित्वात नसलेल्या नावाने लॉगिन करून वेळ मोजतात.

जुन्या एक्सझेडसह : ०.२९९ सेकंद.

नव्या एक्सझेडसह : ०.८०७ सेकंद.

फरक ५०८ मिलिसेकंदांचा. लॉगिन तसेही फसणारच होते. परवलीचा शब्द टाइप करायला माणसाला याहून जास्त वेळ लागतो.

प्रोफायलर दाखवतो की हा वेळ एक्सझेडच्या लायब्ररीत जातो आहे, पण कोणत्या फंक्शनात ते सांगत नाही. तिथे नावच नाही. फ्रॉइंड यांना काही आठवड्यांपूर्वीची गोष्ट आठवते : पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांत व्हॅलग्रिंडची एक विचित्र तक्रार आली होती. तीही याच लायब्ररीजवळची. कुठेतरी पाणी मुरत होते.

आधी त्यांना वाटते की डेबियनचे पॅकेज कोणी बिघडवले. मग दिसते की बिघाड वरून, मूळ टारबॉलमधूनच आला आहे. धागा टारबॉलमधून कॉन्फिगरकडे, तिथून बिल्ड-टू-होस्टकडे आणि तिथून चाचणीच्या दोन फायलींकडे जातो.

मागचे दार कोणत्या परिस्थितीत जागे होते, तेही ते पाहतात. प्रोग्रामचे नाव एसएसएचडी हवे. ‘टर्म’ व्हेरिएबल रिकामे हवे. डीबगर नको. आणि ‘लँग’ हे व्हेरिएबल भरलेले हवे. यंत्राने कोणत्या भाषेत बोलायचे ते याच व्हेरिएबलमध्ये असते. मराठी वापरणारा तिथे ‘एमआर_आयएन’ लिहितो. दाराला कोणतीही भाषा चालते, काहीतरी लिहिलेले असले की झाले.

फ्रॉइंड डेबियनच्या सुरक्षा पथकाला आणि इतर लिनक्स वितरकांना खासगीत कळवतात. रेड हॅट या त्रुटीला क्रमांक देते : सीव्हीई-२०२४-३०९४. त्याच दिवशी डेबियन जुन्या कोडवर परतते. जिया तानची उबुंटूकडची मागणी अजून उघडी आहे.

२९ मार्च, शुक्रवार, रात्री ९.२१. उरले : ०

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे ८.५१ झाले आहेत. गुड फ्रायडे. युरोपात ईस्टरची सुट्टी सुरू झाली आहे. फ्रॉइंड यांचे पत्र जाहीर होते. सुरुवातीलाच निष्कर्ष आहे : एक्सझेडच्या मूळ प्रकल्पात आणि टारबॉलमध्ये मागचे दार बसवलेले आहे.

पुढच्या काही दिवसांत इतरांनी त्या कोडची चिरफाड केली. लॉगिनच्या वेळी सही तपासणाऱ्या फंक्शनाची जागा या कोडने घेतली होती. ज्याच्याकडे एक विशिष्ट गुप्त किल्ली आहे, तो लॉगिन पूर्ण होण्याआधीच सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शकत होता. दुसऱ्या कोणाला हे दार उघडता आले नसते, आणि बाहेरून चाचपून ते सापडलेही नसते. धोक्याच्या मोजपट्टीवर गुण १० पैकी १०.

शून्यानंतर

त्याच शुक्रवारी अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था ‘सिसा’ जुन्या आवृत्तीवर परतण्याची सूचना काढते. गिटहब एक्सझेडचा साठा बंद करते आणि खाती गोठवते. यात कॉलिन यांचेही खाते असते.

३० मार्च, रंगपंचमी. कॉलिन यांचे पहिले निवेदन येते. सायंकाळी ६.०६ ला ते लँडलॉकच्या तपासणीतले टिंब काढतात.

जिया तान या नावामागे कोण होते, ते उघड झालेले नाही. गिटमधली बहुतेक कामे +०८०० या पट्ट्यातली आहेत, थोडी +०२०० आणि +०३०० मधली. गिटमध्ये वेळेचा पट्टा वापरणाऱ्याचे यंत्र सांगेल तो येतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उबुंटू बीटा लांबणीवर टाकते. २६ फेब्रुवारीनंतर बांधलेली सगळी पॅकेजे पुन्हा बांधायची ठरतात. बीटा ११ एप्रिलला येते.

या ८८२ दिवसांत इशारे कमी नव्हते. जेंटूवर प्रोग्राम कोसळला, रेड हॅटमध्ये व्हॅलग्रिंडने बोट ठेवले, पोस्टग्रेसच्या चाचणीतही तेच झाले. प्रत्येक वेळी समंजस माणसांनी समंजस खुलासा मानला. खुलासा देणारा प्रत्येक वेळी तोच होता. आणि जी फाइल वाचायला हवी होती, ती भाषांतराची सोय बसवताना आपोआप येणाऱ्यांपैकी होती. तिथे वाचण्यासारखे काही नसते, हा तीस वर्षांचा अनुभव होता.

२५ एप्रिल २०२४ ला उबुंटू २४.०४ ठरल्या दिवशी बाहेर पडते. त्यातली एक्सझेड ५.४.५ ची आहे. पण पॅकेज अद्ययावत करणारा प्रोग्राम मागे जात नाही, त्याला मोठा आकडाच नवा वाटतो. म्हणून आवृत्तीचे नाव असे द्यावे लागले : ‘५.६.१+रियली५.४.५’. दीर्घ मुदतीच्या त्या सर्व्हरवर एक्सझेडची आवृत्ती विचारली की पॅकेजांची यादी हेच उत्तर देते.